मुंबई-नागपूर : तासांच्या हिशेबात दडलेले अंतर

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर, तर भुसावळमार्गे जाणारा लोहमार्ग ८३७ किलोमीटरचा. कागदावर पाहता रस्ता आता विमानाच्या वाटेहून जेमतेम वीस किलोमीटर लांब उरला आहे. ही तुलना मात्र काहीशी फसवी आहे. महामार्ग मुंबईत पोहोचत नाही. तो भिवंडीजवळच्या आमणे येथे संपतो.

नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि इगतपुरी-आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये. सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आल्याचे सरकारने सांगितले. ताशी १२० किलोमीटरची मर्यादा अखंड गाठली तरी ७०१ किलोमीटरला सहा तास लागतात. आठ तासांत पोहोचायचे तर सरासरी वेग ८८ च्या आसपास हवा. जेवण, इंधन आणि भिवंडी-ठाण्याची कोंडी धरली तर दारापासून दारापर्यंत नऊ-दहा तास गृहीत धरणेच शहाणपणाचे.

विमानाचेही तसेच. उड्डाण दीड तासाचे. पण विमानतळ गाठणे, तपासणी, सामान आणि पुन्हा शहरातील प्रवास मिळून चार-पाच तास सहज जातात. म्हणजे विमान पाच तास वाचवते, तेही माणशी तिकीट मोजून. मोटारीचा पथकर २०२५ च्या दराने किलोमीटरला २.०६ रुपये, पूर्ण मार्गाला साधारण १,४४५ रुपये पडतो आणि तो चौघांत वाटला जातो. दिवाळीत विमानभाडे चढले की हा फरक अधिकच बोचतो.

खरा बदल मात्र दोन टोकांपेक्षा मधल्या गावांत झाला आहे. वाशीम, बुलढाणा, जालना या जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा नाही. कारंजा किंवा मेहकरच्या माणसाला विमान पकडण्यासाठी आधी दुसऱ्या शहराचा रस्ता धरावा लागतो. त्याच्यासाठी महामार्ग हा विमानाचा पर्याय नसून मुंबईला जोडणारी पहिलीच वेगवान वाट आहे.

या वेगाची किंमतही दिसली आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या खासगी बसला अपघातानंतर आग लागून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. महिनाभरातच शहापूर तालुक्यात बांधकामाचे अवजड यंत्र कोसळून २० जणांचा बळी गेला. सरळ, एकसुरी काँक्रीटवर रात्री चालकाला डुलकी लागते, हे वाहतूकदार जाणतात. तरीही एकाच चालकाच्या भरवशावर रात्रभराचा पल्ला गाठणारी वाहने धावतातच. रेल्वेच्या दुरांतोला सुमारे अकरा तास लागतात. पण ते प्रवाशाच्या झोपेत जातात, आणि या गाडीत जागे राहण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते.