बायोडिझेल: देशोदेशीचा हिशेब आणि आपले सोयाबीन

इंडोनेशियाने २०२५ मध्ये डिझेलमध्ये ४० टक्के बायोडिझेल मिसळायला सुरुवात केली. ब्राझीलमध्ये हे प्रमाण १५ टक्के आहे. भारताचे २०३० चे उद्दिष्ट ५ टक्के आहे, पण प्रत्यक्ष मिश्रण १ टक्क्याच्याही आत आहे. आपल्या कंपन्या मागे का पडतात आणि याचा तुमच्या सोयाबीनच्या दराशी काय संबंध, ते पाहू.

कारखान्याचा हिशेब

१०० किलो शुद्ध केलेल्या तेलात सुमारे ११ किलो मिथेनॉल आणि थोडे उत्प्रेरक घातले की जवळपास १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळते. ही प्रक्रिया सर्व देशांत जवळजवळ सारखीच आहे. खर्चाचा सर्वात मोठा वाटा, साधारण तीन चतुर्थांश, तेलाच्या खरेदीचा असतो. त्यामुळे ज्या कंपनीला स्वस्त तेल वर्षभर मिळते, तीच कार्यक्षम ठरते.

शेताचा हिशेब (हेक्टरी तेल, अंदाजे)

• इंडोनेशिया, तेलताड: ३ ते ४ टन
• जर्मनी, रेपसीड (मोहरीवर्गीय): १.३ ते १.५ टन
• ब्राझील, सोयाबीन: ६०० किलो
• भारत, सोयाबीन: २०० किलो

सोयाबीनमध्ये तेल कमी असूनही ब्राझीलच्या कंपन्या टिकतात, कारण पेंडेला कोंबडी आणि वराह खाद्याचे मोठे गिऱ्हाईक आहे. तेलताडाचे उत्पादन भरघोस आहे, पण त्यासाठी इंडोनेशियात मोठ्या प्रमाणावर जंगल तुटले, हेही हिशेबात धरावे लागते.

भारताची अडचण

आपण गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. ते इंधनात घालणे परवडत नाही. २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट होते आणि मोठी भिस्त मोगली एरंडावर (जट्रोफा) होती. हलक्या, कोरडवाहू जमिनीत हे झाड जगले, पण बी पुरेसे आले नाही. आता भर वापरलेल्या तळणीच्या तेलावर आहे. हे तेल गावोगावच्या हॉटेलांतून थोडे थोडे गोळा करावे लागते. त्यातील पाणी आणि आम्लता आधी कमी केली नाही, तर साबण तयार होतो आणि उतारा घटतो. पुरेसे तेल मिळत नसल्याने अनेक कारखाने क्षमतेपेक्षा बरेच कमी चालतात.

तुमच्या दराशी संबंध

एक क्विंटल सोयाबीनमधून सुमारे १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. ब्राझील-अमेरिकेत बायोडिझेलच्या तेलासाठी गाळप वाढले की पेंडही वाढते. जागतिक बाजारात पेंड स्वस्त झाली की आपली निर्यात अडते आणि लातूर-अकोल्याच्या बाजारात सोयाबीनचा दर दबतो. याच वेळी पामतेल इंधनाकडे वळल्याने खाद्यतेल महाग असू शकते. तेल महाग आणि सोयाबीन स्वस्त, असे चित्र दिसते त्यामागे हे एक मोठे कारण असते.

काय करावे?

• विक्रीचा निर्णय घेताना तेलासोबत सोयापेंडेचेही दर पाहा.
• सोयाबीनच्या जागी बायोडिझेलचे पीक म्हणून कोणी रोपे विकायला आले, तर तुमच्यासारख्या जमिनीत एकरी किती बी निघाले ते प्रत्यक्ष शेतावर जाऊन पाहा.
• खरेदीची हमी, दर आणि मुदत लेखी घ्या. केवळ रोपे विकणाऱ्याचा नफा लागवडीच्या दिवशीच होतो, तुमचा मात्र बी विकले गेल्यावर.
• करंज, कडुनिंबाची झाडे बांधावर ठेवा. मुख्य पिकाची जमीन त्यांना देऊ नका.