अंग तिचं नाही, चेहरा तिचा



गेल्या महिन्यात आमच्या केंद्रावर एक आई आली. पदराआड मोबाईल धरलेला, तो दाखवावा की नाही हेच तिला कळेना. मुलगी नववीत. गॅदरिंगच्या फोटोतला तिचा चेहरा उचलून कुणीतरी नग्न शरीरावर बसवला होता आणि तो वर्गातल्या मुलांच्या मोबाईलवर फिरत होता. आई चौकीत जाऊन आली होती. तिथले साहेब म्हणाले, ‘‘अंग काही तुमच्या मुलीचं नाही ना? मग गुन्हा कसला? तिचा मोबाईल काढून घ्या.’’ मुलीकडे मोबाईल कधी नव्हताच. बापाने तोवर तिची शाळा बंद केली होती आणि मामा स्थळं बघायला लागला होता.

साहेबांचं चुकलं होतं. बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. बदल करून बनवलेलं, पण मूलच दाखवतं असं वाटणारं चित्रही आता त्यात येतं. संगणकावर तयार केलेलं हुबेहूब चित्रसुद्धा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब आहेच. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर या साहित्याला ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ म्हणूच नका, ते मुलांचं शोषण आहे, असं सांगितलं.

हे सगळं इंटरनेटबरोबर आलं असं मात्र नाही. १९९१ मध्ये मडगावला फ्रेडी पीट पकडला गेला, तेव्हा अनाथ मुलांना आसरा देतो म्हणणाऱ्या त्या माणसाकडे मुलांच्या फोटोंचा आणि निगेटिव्हचा साठा सापडला होता. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. पुढे गोव्याच्या २००३ च्या बालकायद्याने असे फोटो हाती आले तर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी ते धुणाऱ्यांवरही टाकली. आज फोटो धुणारा उरला नाही. त्याची जागा मोठमोठ्या कंपन्यांनी घेतली आहे. पोक्सोप्रमाणे इथल्या पोलिसांना न कळवता त्यांना कायद्याचं संरक्षण मागता येणार नाही, हेही २०२४ च्या निकालात आहे.

आमच्यात खरा वाद झाला तो कलम १९ वरून. गुन्हा घडल्याचं कळलं की ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगायलाच हवं; न सांगणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. घराण्याच्या अब्रूसाठी आणि संस्थांच्या नावासाठी किती प्रकरणं दाबली गेली ते आपण पाहिलंय, म्हणून मी या सक्तीच्या बाजूचीच होते. पण ती मुलगी म्हणाली, ‘‘ताई, मला केस नको, शाळा पाहिजे.’’ तिचं ऐकायचं ठरवलं तर आम्हीच गुन्हेगार! सल्ला मागायला आलेल्या मुलीचं म्हणणं कायद्याने कुठेतरी विचारात घ्यायला हवं, असं मला आता वाटतं. आमच्या निम्म्या जणींना हे मान्य नाही.

शेवटी आईला घेऊन वरच्या अधिकाऱ्यांकडे गेलो. कलम २४ दाखवलं. मुलीचा जबाब तिच्या घरी, महिला अधिकाऱ्याने, साध्या वेषात घेतला. (वकीलबाईंना दाखवायला म्हणून आमच्यातलीच एक तो फोटो आमच्या ग्रुपवर टाकायला निघाली होती! वेळेवर थांबवलं. पुरावा म्हणून पोलिसांना द्यायचा, बाकी कुणाला नाही.) फोटो बनवणारा मुलगाही पंधराचाच निघाला. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे आहे, आणि त्याची आईही आता आमच्याकडे येऊन रडते.

मुलगी अजून घरीच आहे. सोमवारी आम्ही तिच्या मुख्याध्यापिकांना आणि संध्याकाळी बापाला भेटणार आहोत. तुमच्या गटापुढे कलम १९ चा असा पेच आला असेल तर काय केलंत ते लिहून पाठवा. नावगाव गाळून पुढच्या अंकात छापू.