अर्ध्यावर सुटलेले इंग्रजी

आयुर्विमा उतरवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ‘सरेंडर व्हॅल्यू’ हा शब्द ठाऊक असतो. वीस वर्षांची पॉलिसी काही अडचणीमुळे आठव्या वर्षीच मोडावी लागली, तर हाती किती रक्कम पडेल, हे तो शब्द सांगतो. अगदी सुरुवातीलाच हप्ते थांबले, तर भरलेल्या पैशाचा मोठा भाग बुडीत जमा होतो. विम्याचा हा हिशेब शिक्षणाला लावून पाहण्याची कल्पना सुमारे शंभर वर्षांपूर्वी ढाक्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाला सुचली.

वेस्ट हिंदुस्थानच्या शिक्षण खात्यात अधिकारी होते. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात, पण त्यांतील बहुसंख्य मुले शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचतच नाहीत, हे ते रोज पाहत होते. कोणी तिसऱ्या वर्षी शाळा सोडे, कोणी पाचव्या. त्यांच्या पदरी काय पडे? व्याकरणाचे काही नियम, पाठ केलेल्या दोन-चार कविता आणि मनात कायमची बसलेली धास्ती. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बायलिंग्वॅलिझम’ या ग्रंथात वेस्ट यांनी असा विचार मांडला की, अभ्यासक्रमाची किंमत तो पूर्ण करणाऱ्या थोड्यांवरून करू नये. मध्येच बाहेर पडणाऱ्याच्या हाती काय उरते, त्यावरून ती करावी. या कसोटीवर त्यांनी वाचनाला अग्रक्रम दिला. बोलायला समोर माणूस लागतो आणि लिहिलेले तपासायला शिक्षक लागतो. थोडेफार वाचता येऊ लागलेला माणूस मात्र शाळा सुटल्यावरही आपली आपण ती विद्या वाढवू शकतो.

हा हिशेब आपल्या प्रवराकाठच्या कोल्हारला लावून पाहण्यासारखा आहे. नगर–मनमाड रस्त्यावरचे हे भगवतीमातेचे गाव, नदीपलीकडे राहुरी तालुक्यातले कोल्हार खुर्द. शिर्डीला निघालेल्या परप्रांतीयांच्या गाड्या दिवसभर पुलावरून जातात. सकाळी पिवळ्या बसगाड्या मुलांना घेऊन इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे निघतात. पेठेतल्या एखाद्या दुकानदार घराचे संध्याकाळचे चित्र कल्पनेने पाहावे. सूनबाईंनी चाळिशी ओलांडली आहे. मराठी शाळेत पाचवीपासून त्या इंग्रजी शिकल्या, दहावीला त्या विषयात बऱ्यापैकी गुणही मिळाले, आणि पुढे दोन वर्षांत लग्न झाले. शाळेची सूचना मोबाइलवर येते. त्या ती वाचू लागतात, तोच सहावीतला मुलगा फोन हातातून घेत म्हणतो, “मम्मी, राहू दे, तुला नाही कळणार.” मुलाच्या मनात अनादर नसतो, घाई असते. पण त्या वाक्यानंतर आई पुन्हा त्याच्या वहीत डोकावत नाही. शाळेत सहा वर्षे भरलेल्या हप्त्यांचे सरेंडर मूल्य त्या क्षणी कळते, आणि ते जवळजवळ शून्य असते.

नव्या पिढीची स्थिती फार निराळी आहे, असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत देशाच्या २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना इंग्रजीतली साधी वाक्ये वाचायला दिली होती. ५७.३ टक्क्यांना ती वाचता आली, आणि वाचता आलेल्यांपैकी ७३.५ टक्क्यांना त्यांचा अर्थ सांगता आला. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला तर शंभरांतील सुमारे बेचाळीस उरतात. वाक्य मोठ्याने म्हणता येणे आणि ते समजणे यांत एवढे अंतर आहे. या अंतरावर छोट्या उताऱ्याइतका सोपा आणि कमी खर्चाचा उपाय दुसरा क्वचितच असेल.

आपल्याकडे इंग्रजी शिकवण्याची जुनी वाट भाषांतराची होती. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्यांचे इंग्रजी पोसले गेले. नियम, त्याखाली शब्दार्थ आणि मग मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत करण्यासाठी सुटी वाक्ये, अशी ती चोख बांधणी. तिने घडवलेल्या कारकुनांचे आणि वकिलांचे इंग्रजी व्याकरणात सहसा चुकत नसे. मात्र सुट्या वाक्याला मागचेपुढचे काही नसते. एका वाक्यात राजा असतो, तर दुसऱ्यात माळी. शब्द अडला की कोशाखेरीज गती नसते. उताऱ्यात तसे होत नाही. दुकान, सकाळ, गिऱ्हाईक आणि दोरा ही एका जागी आली, की मधला अनोळखी शब्द निम्मा आपोआप उलगडतो.

उदाहरणादाखल, देवनागरीत उतरवलेल्या या ओळी पाहाव्यात : “मीना हॅज अ शॉप. द शॉप इज निअर द रिव्हर. मेनी पीपल कम टू द शॉप इन द मॉर्निंग. दे बाय नीडल्स अँड थ्रेड. टुडे द शॉप इज क्लोज्ड. मीना इज ॲट द स्कूल विथ हर सन.” ओळी सामान्यच आहेत. परंतु पहिल्या वाक्यात ‘अ शॉप’ आले आणि दुसऱ्यापासून ‘द शॉप’ झाले. प्रथम ओळख करून देताना ‘अ’ आणि ओळख झाल्यावर ‘द’, हा नियम व्याकरणाच्या पुस्तकातून मराठी माणसाला वर्षभर उमगत नाही, कारण आपल्या भाषेत या शब्दांची सोयच नाही. इथे तो सहज डोळ्यांखालून जातो. दुसरी गोष्ट विभक्तीची. आपण ‘नदीजवळ’, ‘सकाळी’, ‘शाळेत’ म्हणतो, म्हणजे शेपूट नामाच्या मागे लावतो. इंग्रजीत ‘निअर’, ‘इन’, ‘ॲट’ हे शब्द नामाच्या पुढे चालतात. सहा ओळींत हे पाच वेळा घडते. असे पन्नास उतारे वाचले, की ‘रिव्हर निअर’ असे म्हणणे जिभेलाच खटकू लागते.

मात्र उतारा सोपा हवा, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. उत्साहाच्या भरात इंग्रजी वृत्तपत्र सुरू केले जाते. पहिल्या परिच्छेदात वीस शब्द अडतात, तिसऱ्या दिवशी अंकाची घडीही मोडली जात नाही आणि महिनाअखेरीस तो रद्दीत जातो. कोणाच्या मदतीवाचून मजकूर नीट समजायचा असेल, तर त्यातले किती शब्द आधीच ठाऊक असावेत, याचा अभ्यास न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांनी २००० साली प्रसिद्ध केला. त्यांचे उत्तर सुमारे ९८ टक्के असे आहे. म्हणजे शंभर शब्दांत अनोळखी शब्द दोनच! पुष्कळांना हे प्रमाण अपमानास्पद वाटते. एवढे येत असेल तर शिकायचे काय, असा प्रश्न ते विचारतात. पण ठेवीवरचे व्याज मुद्दल शाबूत असेल तरच मिळते. ओळखीचे अठ्ठ्याण्णव शब्द हे मुद्दल, आणि नवे दोन शब्द त्याच्यावर मिळतात.

वेस्ट यांनी ढाक्यात हेच ओळखले होते. प्रचलित पाठ्यपुस्तकांत नव्या शब्दांची गर्दी फार होती, आणि एकदा आलेला शब्द पुढे भेटतच नसे. त्यांनी आपल्या ‘न्यू मेथड’ वाचनमालेत दुर्मीळ शब्दांऐवजी नित्याचे शब्द घातले आणि प्रत्येक नवा शब्द पुढच्या ओळींत पुन:पुन्हा आणला. नित्योपयोगी शब्द कोणते, हे ठरवण्याच्या कामातून पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी तयार झाली. दोन हजार हा आकडा मोठा वाटतो. पण रोज तीन शब्द पक्के केले, तर दोन वर्षांत मनुष्य तिथे पोहोचतो. शिवाय ‘टेबल’, ‘डॉक्टर’, ‘स्टेशन’, ‘लाइट’ असे कितीतरी शब्द कोल्हारच्या आजीबाईंच्याही तोंडी आहेत. त्यांचे फक्त स्पेलिंग डोळ्यांनी ओळखायचे बाकी असते.

शाळेतही उतारे असतातच, मग तिथे हे का साधत नाही? परीक्षेत ‘अनसीन पॅसेज’ येतो आणि त्याखाली प्रश्न असतात. चलाख विद्यार्थी आधी प्रश्न वाचतो, प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात शोधतो आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवतो. गुण पूर्ण मिळतात. मीनाचे दुकान आज बंद का, हे त्याला कळलेले असतेच असे नाही. त्यापेक्षा उतारा झाकून ‘यात काय झाले?’ असे मराठीत विचारावे. दोन वाक्यांत उत्तर आले, तर वाचन झाले. घरी हा प्रश्न आईसुद्धा विचारू शकते, त्यासाठी तिला इंग्रजी उत्तम यावे लागत नाही.

आणखी एका सवयीबद्दल लिहिणे भाग आहे. प्रौढ माणसे इंग्रजी ओळीच्या वर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. हेतू चांगला असतो. परंतु डोळा मोठा आळशी आहे. दोन लिप्या समोर असल्या, की तो ओळखीचीच लिपी वाचतो. महिन्याभराने पान म्हणता येते, पण तोच शब्द औषधाच्या खोक्यावर ओळखता येत नाही. या लेखात वर इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत, ती केवळ छपाईच्या सोयीसाठी. शिकणाऱ्याने ती रोमन अक्षरांतच पाहावीत. उच्चारासाठी मुलाला एकदा मोठ्याने वाचायला सांगावे आणि त्याच्या आवाजाबरोबर आपले बोट ओळीवरून फिरवावे. नंतर स्वतः मनात वाचावे, आणि दुसऱ्या दिवशी तोच उतारा पुन्हा घ्यावा. मजकुराची वाणही नाही. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर पायरीपायरीने कठीण होत जाणाऱ्या गोष्टी विनामूल्य मिळतात, आणि त्यांतील अनेक मराठीत व इंग्रजीत अशा दोन्ही भाषांत आहेत. आधी मराठी वाचून मग तीच गोष्ट इंग्रजीत वाचण्यात कमीपणा नाही. यातून फाडफाड बोलता येईल, असे मात्र कोणी समजू नये. बोलणे बोलण्यानेच येते.

राहिली लाज. तिला औषध सोपे नाही, पण ती जुनी आहे. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आलेल्या रमाबाईंनी लग्नानंतर अक्षरओळखीपासून सुरुवात केली आणि पुढे त्या इंग्रजी शिकल्या. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. टोमणे आणि अबोला, सगळे त्यांनी सोसले. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत हे सविस्तर आले आहे. शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीच्या १८७९ च्या कायद्याखाली रानडे पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांतून फिरतीवर असत, तेव्हा रमाबाईही त्यांच्यासोबत हिंडल्या. त्याच आठवणींतला कलकत्त्याच्या मुक्कामातला एक प्रसंग मोठा गोड आहे. रानडे तिथे बंगाली शिकू लागले. दाढी करायला आलेल्या न्हाव्यासमोर बंगाली मजकूर वाचायचा आणि शब्द अडला की त्यालाच विचारायचे, असा त्यांचा क्रम. एवढ्या विद्वान माणसाला न्हावी गुरू करताना संकोच वाटला नाही. मग कोल्हारच्या आईने सहावीतल्या मुलाला गुरू करायला काय हरकत आहे?

आणि पहिला उतारा पुस्तकातलाच हवा, असेही नाही. बँकेचा संदेश दर आठवड्याला घरी येतो : “युवर अकाउंट इज डेबिटेड बाय रुपीज फाइव्ह हंड्रेड. इफ नॉट डन बाय यू, कॉल द बँक.” अवघी दोन वाक्ये, पण त्यांत पैसा आहे. ‘डेबिट’ म्हणजे नावे आणि ‘क्रेडिट’ म्हणजे जमा, हे पेढीवरच्या माणसांना सांगायला नको. फक्त बँक आपल्या वहीतून बोलत असते, म्हणून तिथले ‘नावे’ दुकानाच्या खतावणीत बँकेच्या खात्यावर ‘जमा’ पडते, आणि इथे मुरलेले व्यापारीही क्षणभर गोंधळतात. गृहिणीसाठी अर्थ सरळ आहे : पाचशे रुपये गेले. दुसऱ्या वाक्यातला ‘नॉट’ नजरेतून निसटला, तर सारा अर्थच उलटा होतो. हा व्यवहार आपण केलेला नसेल, तरच फोन करायचा आहे. तोही संदेशात आलेल्या कोणत्याही क्रमांकावर नव्हे, तर पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर.

पेठेतल्या त्या घरात हा संदेश येतो, तेव्हा सूनबाई फोन मुलाच्या हाती न देता चष्मा लावतात. पहिले वाक्य लागते. दुसऱ्यात त्या अडतात आणि विचारतात, “हे ‘डन’ कुठून आले रे?” मुलगा वही न उघडता म्हणतो, “डू, डिड, डन.” मग जरा थांबून तो स्वतःच पडद्यावर वाकून पाहतो. तक्ता त्याला केव्हाचा पाठ असतो. त्यातला तिसरा शब्द कामावर लागलेला तो प्रथमच पाहत असतो.