लाल बावटा नसलेली बोट

१४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आगीशी झुंज देताना ६६ अग्निशमन जवानांनी प्राणार्पण केले. त्यांना वंदन करणे हे समाजाचे कर्तव्यच आहे. परंतु या वीरांना व गोदीलगतच्या वस्तीला मृत्यूच्या दारात कोणी उभे केले, हा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने विचारला गेला पाहिजे.

‘फोर्ट स्टायकिन’ या ब्रिटिश मालवाहू बोटीत सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्याही होत्या. शांततेच्या काळात अशी बोट गोदीत घेतली जात नसे. युद्धाच्या निकडीपायी हा नियम शिथिल झाला. इतकेच नव्हे, तर स्फोटकांची सूचना देणारा लाल बावटाही बोटीवर नव्हता. दुपारी कापसाने पेट घेतला. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा.

याचे मोल मांडवीने मोजले. कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांच्या धान्याच्या वखारी आणि घाटावरून पोटासाठी आलेल्या मराठी हमालांचे संसार एकाच आगीत होरपळले. शेकडो माणसे दगावली, सुमारे ८०,००० बेघर झाली. सुमारे ८,००० माणसे सात महिने ढिगारे उपसत होती. ज्या मुंबईवर हा घाला पडला, तिच्या वृत्तपत्रांना मात्र युद्धकालीन नियंत्रणामुळे सविस्तर वृत्त देता येईना. जपान्यांच्या हाती असलेल्या सायगाव रेडिओने ते दुसऱ्याच दिवशी जगाला ऐकवले!

पुढे सरकारने नुकसानभरपाई दिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु भरपाईने घर उभे राहते, गेलेला कर्ता पुरुष परत येत नाही. वेळीच मिळालेल्या एका इशाऱ्याने कित्येकांचे प्राण वाचले असते. परकीय सत्तेला प्रजेवर तेवढा विश्वास टाकावासा वाटला नाही.

स्वराज्यात ही सबब चालणार नाही. शत्रूपासून गुपित राखणे हा राष्ट्ररक्षणाचा भाग खरा; पण घातक साठ्याशेजारी राहणाऱ्या आणि राबणाऱ्या स्वजनांपासून धोका लपवणे हा त्यांच्याशी केलेला द्रोह ठरतो. बंदर असो वा रासायनिक कारखाना, धोका शेजारच्या वस्तीला आधी कळलाच पाहिजे. त्या ६६ वीरांना वाहण्याजोगी खरी श्रद्धांजली तीच होय.