हयात पित्याचा मान

उन्हाळी कांदा निघून चाकणच्या बाजारात त्याची आवक वाढते, त्याच सुमारास अक्षय्यतृतीया येते. त्या दिवशी पितरांच्या नावे पाण्याने भरलेला मातीचा कुंभ दान करावा, आंब्याचा नैवेद्य दाखवावा, ही आपली जुनी रीत. वैशाखाच्या उन्हात तहानेल्यास पाणी मिळावे, हेच तिचे मर्म होय. पाश्चात्त्य देशांत जूनच्या तिसऱ्या रविवारी पितृदिन पाळतात. त्यात हयात पित्याचाही गौरव होतो. एवढे आपण त्यांच्यापासून अवश्य घ्यावे, असे आमचे मत आहे.

चाकणच्या आसपास कारखाने झाले आणि जमिनीस सोन्याचे मोल आले. तसेच म्हाताऱ्या बापाच्या सहीसही आले. सही होईपर्यंत आर्जव आणि सात-बारा फिरताच अबोला, अशी घरे कोणत्या गावी नाहीत?

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची सूचना आहे की, मुलांस जमीन बक्षीस देणे झाल्यास सांभाळाची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. साठी उलटलेल्या दात्याचा अशा अटीनंतरही सांभाळ न झाल्यास २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थविषयक कायद्याच्या कलम २३ अन्वये न्यायाधिकरणाकडे ते पत्र रद्द करण्याची मागणी करता येते.

तरुणांस मात्र कायदा दाखविण्याची वेळ येऊ नये. पितरांस कुंभ देणारा हात ओसरीवरील बापास पाण्याचा तांब्या देताना आखडला, तर त्या दानाचे पुण्य ते कोणते?