बोटं पांढरी पडतात का?

दिवाळीच्या आधी आमच्याकडे माळ्यावरची पितळेची भांडी खाली निघतात. भंडारा म्हणजे पितळेचं गाव. आता रोजच्या वापरात स्टीलच असलं तरी आजीचे गुंड, परात, समया घराघरात जपून ठेवलेल्या असतात. चिंच आणि राख लावून त्या घासायच्या, थंडगार पाण्यानं धुवायच्या आणि अंगणात उन्हात पालथ्या घालायच्या, हा आमचा दिवाळीचा खरा मुहूर्त.

२००४ च्या दिवाळीत माझी धाकटी बहीण माहेरी आली होती. सकाळी भांडी धुता धुता उठून ती माझ्याकडे आली आणि हात पुढे करून म्हणाली, "भाऊ, हे पाहा बरं काय झालं." उजव्या हाताची मधली तीन बोटं पेरापर्यंत पांढरीफटक पडली होती. थेट खडूसारखी. थोड्या वेळानं ती जांभळी झाली, मग लालबुंद, आणि मग पूर्ववत. मी तेव्हा नोकरीत होतो. म्हटलं, "आता माझ्या वर्गात फळ्यावर तूच लिहीत जा, खडूचा खर्च वाचेल." सगळे हसले. तीही हसली.

हा विनोद मला एकवीस वर्षं छळतो आहे. म्हणून आज लिहायला बसलो. नातलग मंडळींना यातलं बरंचसं ठाऊक आहे, पण हा खडूचा भाग मी कोणालाच सांगितला नव्हता.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. दोन-तीन हिवाळे बोटं अशीच रंग बदलत राहिली. मग ती सुजल्यासारखी दिसू लागली, लग्नातली अंगठी निघेना. छातीत जळजळ व्हायची, ती आम्ही तिखटाच्या खाती मांडली. सांधे दुखू लागले तेव्हा गावातल्या एका डॉक्टरनं वात म्हणून इंजेक्शनं दिली. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. हळूहळू हातांची कातडी ताणल्यासारखी घट्ट झाली, चिमटीत येईना. बोटं वाकली, टोकांना जखमा होऊन चिघळू लागल्या.

आणि मग कुजबुज सुरू झाली. विदर्भात वाकडी बोटं आणि बोटांच्या जखमा दिसल्या की माणसाच्या मनात एकच शब्द येतो. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला आनंदवन उभारलं, त्यालाही आता पाऊणशे वर्षं झाली, पण तो शब्द अजून हलक्या आवाजातच उच्चारला जातो. हळदीकुंकवाला बायका यायच्या, कुंकू लावून घ्यायच्या आणि वाण मात्र पदरात न घेता ओट्यावर ठेवून जायच्या. तिनं ते पाहिलं होतं, मला पुष्कळ उशिरा सांगितलं.

शेवटी जावयांनी तिला कुष्ठरोगाच्या तपासणीला नेलं. तिथल्या माणसानं नीट, वेळ देऊन पाहिलं. डोळे मिटायला लावून पेनाच्या टोकानं हातावर ठिकठिकाणी स्पर्श केला. तिला प्रत्येक स्पर्श कळत होता. अंगावर सुन्न चट्टा नव्हता. तो म्हणाला, "बाई, हा तो रोग नाही." त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. घरी परतताना जावयांनी पेढे घेतले, आमच्याकडेही पाठवले.

पेढे खाल्ले आम्ही. मग हा आजार आहे तरी कोणता, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मी बी.ए. झालेला, सदतीस वर्षं मुलांना 'प्रश्न विचारा' म्हणून सांगणारा मास्तर, मलाही नाही.

२०१२ मध्ये जिना चढताना तिला धाप लागू लागली तेव्हा नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "थंड पाण्यात बोटं पांढरी पडायची का? केव्हापासून?" मी जागच्या जागी थिजलो. आजाराचं नाव सिस्टेमिक स्क्लेरोसिस, बोलीभाषेत स्क्लेरोडर्मा. ग्रीक भाषेत 'स्क्लेरोस' म्हणजे कठीण आणि 'डर्मा' म्हणजे कातडी. पण नाव फसवं आहे. कठीण होते ती फक्त कातडी नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा बिघडून स्वतःवरच उलटते, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि आतही, फुप्फुसात, अन्ननलिकेत, कधी हृदयात, व्रणासारखे कडक धागे साचत जातात. तिची फुप्फुसं तोवर बरीच कडक झाली होती. एकदा कडक झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही, औषध फार तर पुढची घसरण धीमी करतं. २०१७ मध्ये ती गेली.

असो. रडगाणं गायला हा लेख नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या आजाराची पहिली खूण ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही, आणि ती खूण आपण सगळेच हसण्यावारी नेतो.

बोटांच्या या रंगबदलाचं वर्णन मोरिस रेनॉ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ साली आपल्या प्रबंधात केलं, म्हणून त्याला त्याचंच नाव मिळालं. स्क्लेरोडर्माच्या बहुतेक सगळ्या रोग्यांमध्ये ही खूण दिसते, आणि आजाराच्या एका प्रकारात तर कातडी कडक होण्याच्या कित्येक वर्षं आधी. म्हणजे रोग दार वाजवून आत येतो. २०११ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी मिळून लवकर संशय घेण्याच्या खुणा ठरवल्या: थंडीत रंग बदलणारी बोटं, सुजलेली बोटं आणि रक्ताची एएनए नावाची तपासणी. या खुणा जुळल्या तर नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या पाहायच्या आणि रक्तात या रोगाच्या खास प्रतिपिंडांचा शोध घ्यायचा. माझ्या बहिणीकडे यातल्या पहिल्या दोन खुणा २००७ पर्यंत आलेल्याच होत्या. तेव्हा हे निकष नव्हते हे खरं, पण रेनॉचा प्रबंध तर होता!

लवकर कळून काय होणार, मुळापासून बरं करणारं औषध कुठे आहे, असं एक स्नेही मला म्हणाले. मुळापासून नाही बरं होत, मान्य. पण फुप्फुसं शाबूत असताना श्वासाची तपासणी आणि छातीचा सीटी स्कॅन करून लक्ष ठेवता येतं, बिघाड दिसताच औषध सुरू करता येतं. जखमा व्हायच्या आधी बोटं जपता येतात. दुसरं म्हणजे मूत्रपिंड. या आजारात कधीकधी रक्तदाब अचानक भडकतो आणि मूत्रपिंडं निकामी होतात. पूर्वी तशी माणसं बहुधा दगावतच. रक्तदाबाच्या एसीई इनहिबिटर गोळ्या आल्यापासून वेळेवर कळलं तर पुष्कळजण वाचतात. आणि हा धोका स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेनं वाढतो. आता वाताच्या नावानं गावोगावी टोचली जाणारी, चार दिवस चमत्कार करणारी इंजेक्शनं आठवा. त्यांत बहुधा काय असतं ते मी सांगायला नको. रोगाचं नाव कळणं म्हणजे निदान काय घेऊ नये ते कळणं, हाही फायदा थोडा नाही.

आता उलट बाजू. माझं वाचून कोणी घाबरून जाऊ नये. थंडीत बोटं पांढरी पडणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा आजार नसतो आणि पुढेही होत नाही. विशेषतः कोवळ्या वयात, दोन्ही हातांना सारखंच होत असेल, जखमा नसतील, तर बहुधा ती प्रकृतीच असते, हात गरम ठेवले की झालं. पण तिशीनंतर पहिल्यांदा सुरू झालं, बोटं सुजू लागली, टोकाला जखम झाली, जळजळ किंवा धाप जोडीला आली, तर थांबू नये. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. मात्र दगडाच्या धुळीत, म्हणजे सिलिकात, वर्षानुवर्षं काम केलेल्या पुरुषांनाही तो जडतो हे दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींमुळे १९५७ सालीच लक्षात आलेलं आहे. आपल्या तुमसर तालुक्यात खाणी आहेत, दगड फोडणारे हात तर सगळीकडेच आहेत. त्यांनाही हा प्रश्न विचारायला हवा.

विचारणार कोण? इथे मला आमच्या शाळेतले दिवस आठवतात. कुष्ठरोगाचे कर्मचारी वर्गात यायचे, मुलांचे सदरे काढून पाठी तपासायचे. आम्हा मास्तरांनाही त्यांनी शिकवलं होतं, फिकट चट्टा दिसला की त्याला स्पर्श कळतो का ते पाहायचं. एक प्रश्न, तोही साधा. पण तो भिंतींवर रंगवला गेला, रेडिओवर आला, मास्तरांच्या आणि आशाताईंच्या तोंडी बसला, आणि त्यातून कितीतरी पोरांचे हात वाकायचे वाचले. पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी सांधेदुखीची पाहणी केली, तिथेही घरोघर जाऊन प्रश्न विचारणारे प्रशिक्षण दिलेले गावातलेच लोक होते. खेड्यातला माणूस नीट विचारलं तर नीट सांगतो.

आज आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरतात. त्यात सुन्न चट्टा विचारतात, हातापायाच्या मुंग्या विचारतात. त्याच पानावर आणखी एक ओळ घालावी, 'थंडीत किंवा थंड पाण्यात बोटं पांढरी-निळी पडतात का?' आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, मानधनासाठी त्यांना मोर्चे काढावे लागतात, हे मी जाणतो. म्हणून ओळ एकच मागतो. आणि कुष्ठरोग तपासणीत 'हा तो रोग नाही' असं निघालं की चिठ्ठीवर 'मग काय आहे ते पाहा' एवढं लिहून पुढे पाठवावं. संधिवाताचे तज्ज्ञ आपल्या जिल्ह्यात शोधून सापडत नाहीत, नागपूरच गाठावं लागतं. पण साठ-पासष्ट किलोमीटर म्हणजे काही विलायत नाही. आम्हाला ते अंतर कापायला आठ वर्षं लागली.

गेल्या डिसेंबरात भाचीचा फोन आला. धाकटीचीच मुलगी, साकोलीला असते, चौतिशीची. "मामा, सकाळी कपडे धुताना माझी दोन बोटं पांढरी पडली." बाकी काही नाही म्हणाली, पण आवाज कापत होता. या वेळी मी विनोद केला नाही. आठवड्याच्या आत आम्ही नागपूरला होतो. डॉक्टरांनी तिच्या अनामिकेच्या नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकला, भिंग लावलं आणि मलाही पाहू दिलं. मी चष्मा वर करून डोळा लावला. केसांच्या आकड्यांसारख्या बारीक तांबड्या रेघा, एका ओळीत उभ्या, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारख्या. रोग असता तर काही रेघा फुगलेल्या आणि काही जागा ओस दिसल्या असत्या, असं त्यांनी सांगितलं. रक्ताचा अहवालही चांगला आला. तरी आईचा इतिहास आहे म्हणून वर्षानं पुन्हा दाखवायचं आहे.

यंदा दिवाळीला ती आमच्याकडेच आली होती. भांडी मी घासली. तिनं ती कोरडी पुसून उन्हात मांडली, हातात माझे जुने लोकरी मोजे घालून.