पंचनाम्याला पैसा, उपचाराला का नाही?

शेतकऱ्याने आत्महत्या केली की सरकारी यंत्रणा हलते. तलाठी येतो, पोलीस येतात. सातबारा, कर्जाचा दाखला, वसुलीचा तगादा हे सगळे तपासून प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते समिती ठरवते. पात्र ठरल्यास कुटुंबाला 1 लाख रुपये द्यायचे, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत, असे सरकारने 2006 साली ठरवले. ही मदत हवीच. पण हा झाला पंचनामा. कीड दिसली तेव्हा फवारणी करायची राहून गेली, त्याचे काय?

कर्ज, नापिकी आणि पडलेला भाव ही कारणे खरीच आहेत. दवाखान्यातल्या गोळीने सोयाबीनचा भाव वाढत नाही. पण त्याच ओझ्याखाली एखाद्याची झोप उडते, बोलणे तुटते, वावरात जायचे मन होत नाही, संध्याकाळची दारू सकाळपासून सुरू होते. ही लक्षणे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना आधी दिसतात. उपचाराची वेळ तीच असते.

पैसा येतो किती?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 साली सुरू झाला आणि 1996 पासून तो जिल्हा पातळीवर आला. केंद्राच्या निकषाप्रमाणे यासाठी एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त 83 लाख 20 हजार रुपये मिळू शकतात. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, समाजसेवक, औषधे, प्रशिक्षण, सगळे त्यातच बसवायचे. राज्यातल्या 36 जिल्ह्यांना हा पैसा पुरा मिळाला असे धरले तरी बेरीज जाते जेमतेम 30 कोटींवर.

आता दुसरा आकडा बघा. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचे शुल्क वाढवले. त्यातून वर्षाला 14 हजार कोटी रुपये जादा मिळतील असा सरकारचा अंदाज होता. या जादा रकमेतला रुपयामागे एक पैसा उपचारासाठी बाजूला काढला तरी 140 कोटी होतात, म्हणजे वरच्या बेरजेच्या साडेचार पट. तेव्हा तिजोरीत पैसा नाही हे कारण इथे टिकत नाही.

दारू सोडायची, पण कुठे?

2019 साली केंद्राने जाहीर केलेल्या देशव्यापी पाहणीत असे दिसले, की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच काही उपचार मिळतो. यात आणखी एक अडचण आहे. मनाच्या आजाराचे काम आरोग्य खात्याकडे, तर व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान सामाजिक न्याय खात्याकडे. झोप येत नाही म्हणून पिणारा आणि पितो म्हणून खचणारा माणूस मात्र एकच असतो. त्याने कोणते दार ठोठवायचे?

गावात बायाबापड्या मतदान करून बाटली आडवी करतात. काम मोठे आहे. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. त्याला त्या दिवसांत दवाखान्यातली खाट आणि औषध लागते. म्हणून दुकान बंद करण्याचा ठराव आणि उपचाराची मागणी एकाच ग्रामसभेत व्हायला पाहिजे.

मला माहीत असलेल्या एका शेतकऱ्याचे औषध तिसऱ्या महिन्यात सुटले. कारण विचारले तर घरची बाई म्हणाली, “साहेब, गोळी फुकटच भेटते. पण जिल्ह्याला दोघांचं जाणं-येणं अन् दिवसाची मजुरी बुडते, ते कुठून आणावं?” जिल्ह्याच्या गावी थांबलेला पैसा शेवटच्या घरापर्यंत पोचत नाही तो असा.

गावाने काय मागावे?

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तरतूद आहे, की आवश्यक यादीतली मनोविकाराची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. तेव्हा सरपंच आणि ग्रामसेवकांनी तीन गोष्टी कराव्यात. जिल्ह्याचे मानसिक आरोग्य पथक तालुक्याला कोणत्या दिवशी येते ते लेखी विचारावे आणि पंचायतीच्या फळ्यावर लिहावे. औषध नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून वैद्यकीय अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवावा. आणि आशाताईंनी कोणाच्या घरी लक्ष द्यावे ते त्यांना गुपचूप सांगावे, चारचौघांत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या 14 जिल्ह्यांत 2015 साली ‘प्रेरणा’ प्रकल्प निघाला, तोही आशाताईंच्याच भरवशावर.

तोवर दोन क्रमांक लक्षात ठेवा. मनावर ताण असेल तर 14416. ही ‘टेलिमानस’ सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येते. व्यसनासाठी 14446. दोन्ही फोन मोफत.

बोंडअळीचा पतंग सापळ्यात दिसला की आपण दुसऱ्या दिवशी वावरात जातो. शेजारचा माणूस आठ दिवस पारावर आला नाही, तर त्याच्याही घरी जाऊन या. आणि पुढच्या ग्रामसभेत तालुक्याच्या औषधाचा विषय काढा.